नुसती मिसरी

बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी म्हटलं की केदारेश्वराचं देऊळ आणि किल्ला आठवतो. आज मात्र देवळाची वाट सोडून तिथल्याच एखाद्या ओसरीवर टेकू. सकाळची वेळ. तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र वास अजून घरात घुमतोय. आजी डबीतली काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांना लावतायत. पाहणीला आलेली मुलगी विचारते, ‘‘आजी, तंबाखू खाता का?’’

‘‘न्हाई वं माय! नुसती मिसरी लावते.’’

आजी खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे गड्यांनी चुना लावून तळहातावर मळलेली. दातांना लावायची ती मिसरी.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय पाहणीनं ही मेख नेमकी ओळखली. २००९-१० ची पहिली पाहणी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केली, २०१६-१७ ची दुसरी टाटा समाजविज्ञान संस्थेनं. घरातल्या पंधरा वर्षांच्या आणि त्यापुढच्या माणसांतून चिठ्ठी काढावी तसं एकाचं नाव निघतं आणि प्रश्न त्यालाच. तेही एकेक नाव घेऊन: पानातली तंबाखू? खैनी? गुटखा? मिसरी?

नाव घेतल्यानं काय झालं? दुसऱ्या पाहणीत महाराष्ट्रातल्या बायकांमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या निघाल्या १.४ टक्के, तंबाखू खाणाऱ्या, लावणाऱ्या १६.६ टक्के. नुसतं ‘ओढता का’ विचारलं असतं, तर आपल्या आजी हिशेबात आल्याच नसत्या.

दोन पाहण्यांच्या मधल्या काळात राज्यातल्या तंबाखूसेवनाचं एकूण प्रमाण ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आलं, ही चांगली गोष्ट. पण दुसऱ्या पाहणीतलाच देशभराचा आणखी एक आकडा टोचतो. दवाखान्यात गेलेल्या विडी-सिगारेटवाल्यांपैकी ४८.८ टक्क्यांना ‘सोडा’ असा सल्ला मिळाला. खाणाऱ्या-लावणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना. खरं तर सोडायचं यांच्यातल्याही जवळपास निम्म्यांच्या मनात होतं. धूर दिसतो, वास येतो. हिरडीवरची पूड विचारल्याशिवाय कळत नाही.

सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. पण फोनच्या आधी घरातलं बोलणं. आजीजवळ बसा आणि नाव घेऊन विचारा, ‘‘आजी, दिवसातून किती वेळा मिसरी लावतीस?’’