मधुमेहाचें औषध आणि क्षय

क्षयाचा जंतु मोठा धूर्त. त्याला गिळणाऱ्या रक्षक पेशींच्याच पोटांत तो बिऱ्हाड थाटतो. २०१४ सालीं सिंगापूर येथील संशोधनांत असें दिसलें, कीं मेटफॉर्मिन हें मधुमेहाचें जुनें औषध त्या पेशींना जंतुनाशाचें बळ देतें. पुढें भारतांत ३२२ रुग्णांवर कसोटी झाली. तिचा वृत्तांत २०२२ सालीं छापून आला. नेहमींच्या औषधांस मेटफॉर्मिनची जोड देऊनहि थुंकींतील जंतु लवकर नाहींसे झाले नाहींत. परंतु दाह ओसरला आणि फुप्फुसांची हानि कमी झाली. क्षय बरा होऊनहि ज्याला जिना चढतांना धाप लागते, त्याला याचें मोल कळेल. तथापि ही आशा आहे, उपचार नव्हे. ठरलेलीं औषधें पुरे दिवस घेणें, हाच आजहि तरणोपाय.