वेदीसमोरचा ऑपेरा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर इटलीत मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेलेल्या भाविकाच्या कानावर ऑर्गनमधून काय पडत असे? पुष्कळदा ऑपेराच. बेर्गामोच्या सेरास्सी घराण्याने बांधलेल्या ऑर्गनांत घंटा, ढोल, झांजासुद्धा बसवलेल्या असत. पाद्रे दाविदे हे फ्रान्सिस्कन साधू; पण त्यांच्या मिस्सासाठीच्या रचना ऐकताना रंगमंचाचा पडदा वर जातो आहे असंच वाटतं. नाट्यपदाच्या वळणाचा अभंग ऐकून डोलणाऱ्या आपल्याला यात वावगं वाटू नये.

चर्चसंगीताच्या सुधारकांना मात्र ते खुपलं. प्राचीन ग्रेगोरियन गायनाकडे, जुन्या संगीतकार पालेस्त्रीनाकडे परत चला, असा त्यांचा आग्रह. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी तसं आज्ञापत्रच काढलं. पियानो, ढोल, झांजा यांना मज्जाव. गायकवृंदात स्त्रिया नकोत, वरच्या स्वरांसाठी मुलगे घ्यावेत. यामागची तळमळ खरी होती. पण नाट्य म्हणजे भक्तीतली भेसळ, हे मला मान्य नाही.

ऑपेराकार व्हेर्दीचा 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीची मिस्सा, घ्या. मान्झोनी या लेखकाच्या पहिल्या स्मृतिदिनी, २२ मे १८७४ रोजी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये तो प्रथम झाला. चर्चचा झगा घातलेला ऑपेरा, अशी टीका जर्मन संगीतज्ञ हान्स फॉन ब्यूलो यांनी केली. पुढे त्यांनीच व्हेर्दीची क्षमा मागितली. 'रेक्विएम'मधला न्यायदिनाचा कल्लोळ ऐका: समूहगायन कोसळतं, मोठा ढोल घुमतो, आणि माणसाला मृत्यूचं भय खरोखर वाटतं. ते भय संयमी स्वरांत मावलं असतं का?

आता संगीतकार लोरेन्झो पेरोझी पाहा. १८७२ साली तोर्तोनात जन्म, रेगेन्सबुर्गला सुधारकांकडेच शिक्षण, पुढे धर्मगुरूची दीक्षा. व्हेनिसच्या सान मार्कोत त्यांना आणणारे कार्डिनल सार्तो म्हणजेच पुढचे दहावे पायस. १८९८ मध्ये पेरोझी सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदाचे संचालक झाले; वय अवघं पंचवीस. म्हणजे सुधारणेच्या अगदी घरातला माणूस! आणि त्याची ओरातोरिओ, म्हणजे धर्मकथा सांगणाऱ्या संगीतरचना, ऐकाल तर शुभवर्तमानातले लॅटिन शब्द, प्राचीन प्रार्थनेच्या चाली, पण त्यांच्या भोवती वाद्यवृंद असा उसळतो की मास्कान्यी, पुच्चीनी या ऑपेराकारांचा काळ लपत नाही. कथा सांगणारा निवेदकही गातो. १९०१ मध्ये मिलानला पेरोझींच्या 'मोझे' या रचनेचं संचालन केलं ते तोस्कानीनी यांनी, ऑपेराच्या त्या महारथीने. सुधारणेने नाट्याला दाराबाहेर काढलं, पण तिच्याच लाडक्या संगीतकाराच्या अंगात ते भिनलेलं होतं. त्यामुळेच ती प्रार्थना जिवंत राहिली, असं मी मानतो.

ऑर्गनच्या बाबतीत मात्र सुधारकांनी फार मोलाचं काम केलं. जुन्या इटालियन ऑर्गनांचे पायपट्टे तोकडे. जर्मन संगीतकार बाखच्या रचना त्यांवर धड वाजेनात. सालोचे ऑर्गनवादक मार्को एन्रीको बोस्सी यांनी संगीतज्ञ तेबाल्दीनींसोबत नव्या ऑर्गनसाठी शिक्षणपुस्तक लिहिलं, व्हेनिस, बोलोन्या, रोम इथली संगीतविद्यालयं चालवली, युरोपभर वादन केलं. १९२५ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतताना बोटीवरच त्यांचं निधन झालं. त्यांच्या जी मायनरमधल्या स्केर्झोत बोटं आणि पाय दोन्ही धावतात, आणि ती धाव इटालियन रंगभूमीचीच आहे.