अडथळ्यांच्या शर्यतीचा वीर

श्रोतेहो, आमच्या रत्नागिरींत बागांभोंवतीं जांभ्या दगडाचे गडगे असतात. मुलें ते सहज ओलांडून जातात. अशाच सुमारें तीन फूट उंचीचे अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या पार करीत तीन हजार मीटर धांवावयाचें, ही स्टीपलचेस शर्यत होय.

बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवच्या शेतकरी कुटुंबांत १९९४ सालीं जन्मलेल्या अविनाश साबळेनें या शर्यतींत कीर्ति मिळविली. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्यें भरती झाला. सियाचीनचें हिम आणि राजस्थानचें वाळवंट अनुभविल्यावर, विशी उलटल्यानंतर, तो लष्करांतील शर्यतींत उतरला. २०१८ सालीं भुवनेश्वर येथें ८ मिनिटें २९.८० सेकंदांत धांवून त्यानें गोपाल सैनींचा ३७ वर्षांपूर्वींचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढें मोडावयास उरले ते स्वतःचेच विक्रम!

राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ पर्यंत या शर्यतीचीं तिन्ही पदकें केनियाच नेत असे. २०२२ सालीं बर्मिंगहॅमला साबळेनें रौप्यपदक मिळविलें. सुवर्ण हुकलें तें अवघ्या पांच शतांश सेकंदानें. २०२३ सालीं हांगझोच्या आशियाई स्पर्धेंत मात्र सुवर्ण त्याचेंच झालें. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें या शर्यतीची अंतिम फेरी गांठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.

पालकहो, सोळाव्या वर्षींच्या गुणपत्रिकेवरून मुलाचा कायमचा निकाल लावण्याची आपणांस फार घाई असते. साबळेनें तो जुना विक्रम मोडला तेव्हां त्याला चोवीस वर्षें पुरीं झालीं होतीं. थोडा धीर धरावा, इतकीच एका जुन्या मास्तराची विनंति.