मोटारीचा पाण्याचा पंप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी मी येथे लोणच्याविषयी बोलले होते. यंदा मोटारीच्या पंपाचे नाव ऐकताच पुढल्या रांगेत हसू पिकले, ते मी पाहिले!

आमच्या दारात मामंजींची जुनी पद्मिनी आहे. मुंबईत या गाड्या टॅक्सी म्हणून धावणे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपले. आमची मात्र अजून बाजाराला जाते. पावसाळ्याआधी पनवेलहून परतताना तिच्या बॉनेटमधून वाफ येऊ लागली. धाकट्या भावोजींनी घाईने रेडिएटरचे झाकण फिरवले आणि उकळते पाणी त्यांच्या उजव्या हातावर उडाले. पंधरा दिवस त्यांना डाव्या हाताने जेवावे लागले. झाकणाखाली पाणी कुकरसारखे दाबात असते. इंजिन पुरते गार झाल्याखेरीज, कितीही घाई असो, त्या झाकणाला हात लावू नये.

एका कारागिराने गाडी पाहून 'भंगारात द्या' असा निकाल दिला. मामंजी काही बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवलेही नाहीत. तेव्हा मी व माझी लेक दिवा घेऊन वाकलो. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी तेथून ठिबकते. ते भोक बुजवणे म्हणजे पाणी बेअरिंगात धाडणे. आमचे ठिबकत होते, आणि पंखा धरून हलवला तर डुगडुगत होता. म्हणजे रोग पंपाचा, गाडीचा नव्हे.

पहाटे, गार इंजिनावर, आम्ही बॅटरीची तार सोडली व पाणी घमेल्यात काढले. त्यात कूलंट असेल तर घमेले उघडे ठेवू नका. ते चवीला गोड पण विषारी असते, आणि पोरे-कुत्री आपल्या अंगणात फिरतच असतात. मग डायनामो सैल करून पट्टा, नंतर पंखा, नळ्या व शेवटी पंप काढला. बोल्ट लहानमोठे असतात, म्हणून लेकीने पुठ्ठ्यावर पंपाचे चित्र काढून ज्याचा त्याला जागेवर खोचला. जुने गॅस्केट खरवडण्यातच दोन तास गेले. तव्याची खरपुडी काढतो तसे, पण ओरखडा न पाडता. नवे गॅस्केट बसवून बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले.

पाणी भरले, गाडी सुरू केली, आणि सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगो, गारीखाली पानी परलंय!" खालच्या नळीची पट्टी आवळायची आम्ही विसरलो होतो.

आतले पात पाहून मला वाईट वाटले. गंजाने खाल्ले होते. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी वर्षानुवर्षे आम्हीच ओतले होते. आता कूलंट व डिस्टिल्ड पाणीच घालतो.

१८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीतून शंभरावर किलोमीटर गेली. तिच्या गाडीला पाण्याचा पंपच नव्हता. पाणी वाफ होऊन उडे आणि वाटेत पुनःपुन्हा भरावे लागे. हे मी मामंजींना सांगितले. ते म्हणाले, "तिला सासरा नसेल!"

जुना पंप मी पिशवीतून आणला आहे. हातोहात फिरवा, दांडा हलवून पाहा. हात काळे होतील. दाराशी साबण आणि बादली ठेवली आहे.