वहिवाट

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त केले आहे.)

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'इंग्लंडमधल्या सरोवरांच्या प्रदेशातील डोंगरवाटा' असा विषय छापला आहे. तो वाचून आपल्यातल्या एकीनं सकाळी चहाच्या वेळी मला अडवलं. म्हणाली, "ताई, इथे पोटगीच्या आणि मारहाणीच्या केसेस साचल्यात, आणि तुम्ही आम्हाला सहलीची गोष्ट सांगणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलते.

१९८३ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजची मुलं-मुली राजगडावर निघाली होती. वडिलांना विचारलं तेव्हा ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तिथे जाऊन करायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. लग्नानंतर सासरीही तोच प्रश्न, फक्त विचारणारी तोंडं बदलली. बाईनं घराबाहेर पडायला कारण लागतं. पाणी, सरपण, दळण, बाजार, देवदर्शन, नोकरी ही कारणं चालतात. नुसतं चालायला जायचं आहे, हे कारण चालत नाही. पुरुष 'जरा फिरून येतो' म्हणून चपला घालतो, त्याला कुणी अडवत नाही. बाई तेच म्हणाली तर घरातली चार डोकी वर होतात. पोटगी आणि मारहाणीच्या प्रश्नांची मुळं मला इथेही दिसतात. आपला वेळ आणि आपले पाय आपले नाहीत, हे तिथपासूनच शिकवलं जातं.

यजमान गेले, २०२१ मध्ये नोकरीतून निवृत्त झाले, आणि २०२३ च्या जूनमध्ये भाचीकडे लँकेस्टरला दोन महिने राहायला गेले. भाची रुग्णालयात नोकरी करते, तिच्या पाळ्या असत. दिवसभर मी घरात एकटी. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "मावशी, इथून गाडीनं तासाभरावर डोंगर आहेत. जाऊन ये की." वयाच्या साठाव्या वर्षी मला कुणीतरी पहिल्यांदा 'जाऊन ये' म्हणालं. कशाला, असं विचारलं नाही.

या भागाला लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात सुमारे २,३६० चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ मुलूख. हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट दऱ्या, त्यांत साठलेली सरोवरं, आणि मध्ये उघडे, गवताळ डोंगर. १९५१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं. डोंगर उंचीनं फार नाहीत. सगळ्यात उंच स्कॉफेल पाइक ९७८ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. पण हवा लहरी. सकाळी ऊन, दुपारी धुकं आणि पाऊस.

ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमिअरला उतरायचं. तिथून ५५५ नंबरची बस अँबलसाइड, रायडल, ग्रासमिअर करत केझिकला जाते. या एका बसच्या जोरावर मी बहुतेक वाटा चालले.

पहिली वाट रायडल ते ग्रासमिअर. दीड-दोन तासांची, सोपी, डोंगराच्या कुशीतून जाणारी, खाली रायडलचं तळं. तिचं नाव मात्र 'शवपेटीची वाट'. पूर्वी इकडच्या लोकांना आपली मयतं ग्रासमिअरच्या चर्चपर्यंत खांद्यावर न्यावी लागत. वाटेत एक सपाट दगड आहे, पेटी टेकून दम खायला. त्या दगडावर बसून मी माझ्या दशम्या खाल्ल्या.

या वाटेच्या दोन्ही टोकांना वर्डस्वर्थ कवीची घरं आहेत. त्याची 'डॅफोडिल्स' कविता आपल्यातल्या कित्येकींनी शाळेत पाठ केली असेल. त्या कवितेत कवी एकटाच भटकतो आहे. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटरच्या काठी ती फुलं पाहिली तेव्हा त्याची बहीण डोरोथी बरोबर होती. त्या दिवसाचं बारीक वर्णन तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं. कविता त्यानंतर झाली, आणि त्या कवितेत बहीण नाही.

ही डोरोथी जबर चालणारी होती. १७९४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती भावाबरोबर केंडलहून ग्रासमिअर आणि पुढे केझिक अशी तेहतीसएक मैल पायी गेली. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पत्र पाठवून तिची कानउघाडणी केली. मुलीच्या जातीनं असं रानोमाळ पायी भटकावं का? डोरोथीनं उलट टपाली उत्तर दिलं. त्याचा मथितार्थ असा की निसर्गानं दिलेलं बळ मी धीर करून वापरलं याचा तुम्हाला आनंदच व्हायला हवा होता, शिवाय घोडागाडीचे तीस शिलिंग वाचले. मला ते तीस शिलिंग फार आवडले. बाईला आपला आनंद सांगताना बचतीचा हिशेबही जोडावा लागतो, हे तेव्हाही होतं.

१८१८ च्या ऑक्टोबरमध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, ती मेरी बार्कर या मैत्रिणीबरोबर स्कॉफेल पाइकवर चढली. वाट दाखवायला एक मेंढपाळ होता. त्या चढाईचं वर्णन तिनं पत्रात लिहिलं. पुढे भावाच्या प्रवासमार्गदर्शक पुस्तकात ते छापलं गेलं, तिच्या नावाशिवाय. आयुष्याची शेवटची वीस वर्षं डोरोथी आजारानं आणि मनाच्या दुखण्यानं रायडलच्या घरातच होती. ती बाग बघून मी बाहेर पडले तेव्हा बसची वेळ झाली होती, पण मी बस सोडली आणि अँबलसाइडपर्यंत चालतच गेले.

अँबलसाइडला हॅरिएट मार्टिनोचं घर आहे. ही लेखिका तरुणपणीच बहिरी झालेली. पुढे पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती. बरी झाल्यावर इथे आली, १८४६ मध्ये स्वतःच्या लेखणीच्या कमाईतून घर बांधलं, आणि सगळा मुलूख पायी धुंडाळून १८५५ मध्ये त्याचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, तेही स्वतःच्या नावानं. याच बाईनं १८६९ मध्ये सांसर्गिक रोग कायद्यांविरुद्ध आवाज उठवला. छावणीच्या गावात रस्त्यावरच्या कुठल्याही बाईवर वेश्या असल्याचा संशय घेऊन तिची सक्तीनं शारीरिक तपासणी करायची, असा तो कायदा. १८६८ मध्ये तसाच कायदा इंग्रजांनी हिंदुस्थानातही आणला. म्हणजे कारण नसताना बाहेर दिसणारी बाई ही संशयित. आज तो कायदा नाही. नजर गेली आहे का, ते तुम्हीच सांगा.

आता केझिकच्या वाटा. गावामागे लॅट्रिग नावाची ३६८ मीटरची टेकडी आहे. पोटऱ्या फारशा न दुखवता वर जाता येतं आणि वरून डरवेंटवॉटरचं सगळं सरोवर पायाशी दिसतं. एका बाजूनं तर चाकाच्या खुर्चीवरून नेता येईल अशी वाट केली आहे. या टेकडीच्या वाटा जमीनमालकानं कुंपण आणि फाटकं घालून बंद केल्या होत्या. केझिकच्या पायवाट रक्षण संघटनेनं आधी अर्जविनंत्या केल्या. मग १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार माणसं अडथळे बाजूला करत टेकडीवर चालून गेली. मामला कोर्टात गेला, तडजोड झाली, आणि माथ्यावर जायची वाट लोकांना मिळाली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही इथून पिढ्यानपिढ्या चालत आलो आहोत, म्हणून ही वाट आमची आहे. पुढे इंग्लंडच्या कायद्यानं हे मान्य केलं. एखाद्या वाटेवरून लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, विनाअडथळा चालले, तर ती सार्वजनिक वाट मानली जाते. २००० सालच्या कायद्यानं तर नकाशावर नोंदलेल्या उघड्या डोंगर-माळांवर वाट सोडूनही पायी फिरायचा हक्क दिला. शेताच्या कुंपणाला छोटी फाटकं नाहीतर चढायच्या पायऱ्या असतात. आपण मेंढ्यांच्या मधून, कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीवरून, राजरोस जातो. पहिल्या फाटकाशी मी पाच मिनिटं उभी राहिले होते, कुणी ओरडेल म्हणून. मागून एक आजीबाई आल्या, फाटक उघडून धरलं आणि म्हणाल्या, "या ना, वाट सगळ्यांची आहे."

डरवेंटवॉटरच्या पलीकडे कॅटबेल्स, ४५१ मीटर. केझिकहून नावेनं हॉज एंडला उतरायचं आणि धारेवरून चढायचं. माथ्याजवळ थोडं हातापायांनी चढावं लागतं. उतरताना खाली ब्रँडलहाउचं जंगल लागतं. नॅशनल ट्रस्टनं या भागात विकत घेतलेली ही पहिली जागा, १९०२ ची. साडेसहा हजार पौंड लोकवर्गणीतून उभे राहिले. कारखान्यातल्या कामगारांनीही आपल्या तुटपुंज्या कमाईतून पैसे पाठवले होते. ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकी एक ऑक्टेव्हिया हिल, लंडनच्या गरीब वस्त्यांत घरांचं काम करणारी बाई. गरिबाला भाकरी हवी तशी मोकळी हवाही हवी, असं ती मानत असे.

पण सगळ्यांना तसं वाटत नव्हतं. विंडरमिअरला रेल्वे येणार म्हटल्यावर १८४४ मध्ये आपल्या वर्डस्वर्थनंच विरोध केला. कारखान्यातली माणसं लोंढ्यानं आली तर त्यांना या सौंदर्याची काय कदर, असा त्याचा सूर होता. डोंगर बघायची लायकी कुणाची, हे ठरवणारे नेहमी वर बसलेलेच असतात. आपण हसायला नको. आपल्याकडे देवळाभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यावरून नुसतं चालता यावं म्हणून वायकोमला १९२४-२५ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

इन्ग्रिड पोलार्ड नावाची गयानात जन्मलेली कृष्णवर्णीय छायाचित्रकार. तिनं १९८८ च्या 'पॅस्टोरल इंटरल्यूड' या मालिकेत याच डोंगरांत काळ्या माणसांना उभं करून फोटो काढले आणि तिथे फिरताना वाटणारी धास्ती शब्दांत लिहून त्यांना जोडली. मी सलवार-कमीज, वर रेनकोट, पायांत भाचीचे बूट अशी चालत होते. बहुतेक लोक हसून नमस्कार करत. नावेवर एका गृहस्थांनी मात्र मला विचारलं, मी कुठल्या हॉटेलात कामाला आहे. मी म्हटलं, "नाही, मी फिरायला आले आहे." घरी येईपर्यंत ते वाक्य मी मनात दहादा म्हटलं. तोपर्यंत ते मी कधीच, कुणालाच म्हटलं नव्हतं.

शेवटची वाट डोरोथीची. केझिकहून बसनं सीटोलर, तिथून चालत सीथवेट. इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त पावसाच्या वस्त्यांपैकी ही एक. पुढे स्टॉकली पूल ओलांडला की ओढ्याकाठानं दगडी पायऱ्यांचा चढ सुरू होतो, तो थेट एस्क हॉजच्या खिंडीपर्यंत. तिथे चारी बाजूंना वाटा फुटतात आणि धुक्यात भलभले चुकतात. मी पोचले तेव्हा ढग खाली आले होते. आडोशाला बांधलेल्या दगडी भिंतीशी दोन बायका चहा पीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माथा जेमतेम तासाभरावर आहे, चला आमच्याबरोबर." पुढे सगळे मोठे धोंडे आहेत, हे मला माहीत होतं. उजवा गुडघा कुरकुरत होता. परतीच्या बसची वेळ ठरलेली होती. मी नकाशा उघडला, घड्याळ पाहिलं, त्यांचे आभार मानले आणि परत फिरले.

भाचीला वाईट वाटलं, "अगं, इतक्या जवळ जाऊन?" मला वाटलं नाही. १९८३ मध्ये माझं न जाणं वडिलांनी ठरवलं होतं. या वेळी जायचंही मीच ठरवलं आणि फिरायचंही मीच. उतरताना पाऊस लागला, मी चिंब भिजले, आणि खूप वर्षांनी मोठ्यानं गाणं म्हटलं. ऐकायला फक्त मेंढ्या होत्या.

मैत्रिणींनो, आपल्याकडे या सगळ्याला एक नेमका शब्द आहे, वहिवाट. आपल्यातल्या शेतकरी बायकांना तो चांगला ठाऊक आहे. बांधावरचा वहिवाटीचा रस्ता भावकीनं अडवला, की १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तिथे पहिला प्रश्न असतो, तुम्ही इथून जात होता का? पुरावा आपल्या जाण्याचा लागतो. ज्या वाटेनं कुणी गेलंच नाही, तिच्यावर हक्क कसा सांगणार?

बाईच्या कारणाशिवाय बाहेर पडण्याची वहिवाट आपल्याकडे अजून पडलेली नाही. भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. अनोळखी डोंगरावर एकट्या जा, असंही सांगत नाही. तिथे बस होती, नकाशा होता, वाटेवर माणसं होती, म्हणून मी एकटी जाऊ शकले. म्हणून आपण मिळून जाऊ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सहा वाजता, बसस्थानकासमोर. गावाबाहेरची टेकडी चढायची, भाकरी खायची, उतरायचं. लहान मूल असेल तर घेऊन या, आळीपाळीनं कडेवर घेऊ. गुडघे दुखत असतील तर अर्ध्यावर बसा. बूट नसतील तर चप्पल चालेल, फक्त पट्ट्याची असू द्या.

घरी विचारतील, "कशाला?" काही खोटं कारण सांगू नका. फिरायला जाते म्हणा.