चिकूची वाडी आणि रविवारचा पाहुणा



एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. हा पाहुणा बोर्डीचा समुद्र पाहतो, सुरूच्या सावलीत बसतो, रस्त्यावर किलोभर चिकू घेतो आणि जातो. आपल्या वाडीत तो क्वचितच शिरतो. त्याला आत कसे बोलवावे, आणि बोलावताना शेतीचे काम कसे सांभाळावे, एवढ्यावरच आज बोलणार आहे.

२० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांना एकूण ५०० एकरांची मर्यादा घातली. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाल्यापासून मच्छीमार काळजीत आहेत, बागायतदारही आहेत. त्या प्रश्नाचे पुढे काय व्हायचे ते होवो, वाडी राखून चार पैसे जादा मिळवणे आपल्या हाती आहे.

चिकू टणक असतानाच उतरवतात आणि तो घरात पिकतो, हेच शहरातल्या माणसाला नवे असते. कालीपत्तीच्या फळावरची खरखरीत भुकटी गळू लागली आणि नखाने हलके खरवडल्यावर हिरव्याऐवजी पिवळसर रेघ दिसली, म्हणजे फळ तयार झाले. ही परीक्षा पाहुण्याच्या हातून करवून घ्यावी. खरवडलेले फळ मात्र त्यालाच द्यावे, पेटीत घालू नये! झेल्याने चार फळे काढू द्यावीत, झाडावर चढू देऊ नये. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे अवश्य सांगावे. पण मानांकनाचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्यावरच लावावे.

बी पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी केली की औषधाच्या लेबलवर दिलेला काळ संपेपर्यंत वाडी पाहुण्यांना बंद ठेवावी. आगाऊ पैसे घेतले असतील तर ते परत करावेत.

पाहुणा वाडीतून किनाऱ्यावर जाणारच. तिथे ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि मुले त्याच्यामागे चालत सुटतात. म्हणून भरतीची वेळ कोळी बांधवांना विचारून फळ्यावर लिहावी. सुरूखाली चूल मांडू देऊ नये. वाळलेल्या पानांचा थर चटकन पेट घेतो, आणि हीच झाडे खारा वारा अडवतात.

तलासरीकडचे बंधू म्हणतील, आमच्याकडे समुद्र नाही. पण भाताची लावणी आहे, नागली आहे, वारली चित्रांच्या भिंती आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना या चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा महामार्गावरून माणसांची रीघ लागते. चित्र काढून दाखवणाऱ्याचा मोबदला वेगळा द्यावा, जेवणाच्या ताटात धरू नये. तारपा नाच कोणी फर्मावला म्हणून लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार किमान एक एकर शेती असणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पहिल्या वर्षी कर्ज काढून खोल्या बांधू नयेत. सकाळचा फेरफटका, काढणी आणि दुपारी तांदळाची भाकरी-भाजी एवढेच ठेवावे. एक वही घालावी. तीत माणसे किती आली, चिकू किती खपला आणि घरच्या बायकांचा किती वेळ स्वयंपाकात गेला, हे तिन्ही लिहावे. तिसरा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत.