चांदीचा मुलामा आणि झाकून ठेवायच्या जागा

(जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम निघाले की पितळी प्रभावळीला, मखराला चांदीचा मुलामा द्यावा, असा विषय बैठकीत निघतोच. चांदीचा पत्रा मढविणे प्रत्येक गावाच्या ऐपतीतले नसते, मुलामा असतो. मात्र तो रंग नव्हे, हे आधी ध्यानी घ्यावे.

पूर्वी सोने पाऱ्यात कालवून धातूवर माखीत व तापवून पारा उडवून देत. ती विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाई. १८०० साली व्होल्टाने विजेचा घट तयार केला आणि १८०५ साली इटलीतील ब्रुग्नातेल्ली याने त्या विजेने चांदीच्या पदकांवर सोने चढविले. १८४० पासून बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी त्याचा मोठा धंदा केला.

कृती अशी. वस्तू हौदातील द्रावणात विजेच्या ऋण टोकाला टांगतात, धन टोकाला शुद्ध चांदीचा पत्रा. वीज सुरू होताच पत्र्यातील चांदी द्रावणात उतरते आणि द्रावणातील चांदी वस्तूवर बसते. एक अँपियर वीज एक तास वाहिली की सुमारे चार ग्रॅम चांदी बसते. म्हणजे तोळ्याला जवळजवळ तीन तास. हा तोळा एक चौरस फुटावर पसरला, तर थराची जाडी मिलिमीटरच्या हजार भागांपैकी बारा भाग! म्हणून कारागिराला ‘मुलामा चांगला द्या’ एवढेच सांगू नये. किती चौरस फुटांवर किती तोळे, हे ठरवावे आणि मुलाम्याआधी व नंतर वस्तू कोरडी करून वजन करावे. यात कोणी रागावण्याचे कारण नाही.

आता झाकण्याविषयी. चांदी जिथे नको, ती जागा मेणाने, खास लॅकरने किंवा चिकटपट्टीने झाकतात. त्यातून वीज जात नाही, म्हणून तिथे धातू बसत नाही. चांदीचे द्रावण थंड असते, तेथे मेण चालते. निकेलचा हौद गरम असतो, तेथे ते वितळते. लेपाखाली तेलाचा अंश राहिला तर कडेने द्रावण शिरते आणि सीमारेषा फाटकी दिसते. प्रभावळीचे भाग जोडणाऱ्या बोल्टांचे आटे तर आवर्जून झाकावेत. आट्याच्या दोन्ही उतारांवर थर चढतो, व्यास थराच्या चौपट वाढतो, आणि काल बसणारा नट आज बसत नाही. पोकळ भागांची भोके बुजवावीत, नाहीतर आत अडकलेले द्रावण महिनोन्‌महिने पाझरून डाग पाडते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे जुन्या देणगीदारांची कोरलेली नावे. एवढ्या पातळ थराने अक्षरे बुजत नाहीत. ती जातात मुलाम्याआधीच्या बफखाली. चकाकी आणण्याच्या भरात आजोबा-पणजोबांचे नाव अर्ध्या तासात पुसले जाते आणि ते परत आणण्याची विद्या कोणाजवळ नाही. म्हणून वस्तू गावाबाहेर पाठविण्यापूर्वी लेखाचा ठसा कागदावर घ्यावा, त्या पट्टीला बफ लावू नये असे लिहून द्यावे आणि ती पट्टी झाकूनच हौदात सोडावी. चांदीत पिवळ्या पितळेची ती पट्टी शोभूनही दिसते.

हे काम गावात, देवळाच्या आवारात मात्र करवू नये. द्रावणात सायनाइड असते. त्यात आम्ल पडले तर प्राणघातक वायू सुटतो, आणि धुण्याचे पाणी ओढ्यात गेले तर जनावरे दगावतील. सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्यातच वस्तू द्यावी, चार पैसे जास्त पडले तरी.

वस्तू परत आल्यावर पुजाऱ्यांनी तिला चिंच व राख लावू नये. मऊ कापडाने पुसावी, उत्सव संपल्यावर कोरडी करून कापडात गुंडाळून ठेवावी.